बैल गिळलेला लॅपटॉप

"आता जे सांगतो, त्याच्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं बाबाराव निनावे आधीच सांगून टाकतात. आणि सांगताना असे काही सुखावतात, की लोकांचा अविश्वास म्हणजे जणू सरकारनं घरपोच पाठवलेलं पदक!

हिंगणा रोडवर त्यांचं दोन खोल्यांचं घर. संध्याकाळी दारासमोर चार खुर्च्या पडतात. एका खुर्चीत त्यांचे कारखान्यातले जुने सोबती देवाजी. हे बाबारावांच्या कुठल्याही वाक्याला "हौ" म्हणतात, मग वाक्य पूर्ण झालेलं असो की नसो. दुसऱ्या खुर्चीत शेजारच्या सिंधूताई. तीस वर्षं नर्स होत्या. कोणाला खरंच दुखतंय आणि कोण रजेच्या अर्जासाठी कण्हतंय, हे त्यांना दारातूनच कळतं. बाकीच्या खुर्च्यांवर येईल तो. पण गोष्ट एकच, पोळ्याच्या आठवड्याची.

तर बाबाराव एकतीस वर्षं हिंगण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. नुसत्या आवाजावरून मोटारीचा आजार सांगायचे. बंद पडलेलं मशीन बाबाराव आलेले पाहूनच सुरू व्हायचं, असं ते स्वतः सांगतात. असं मशीन जगात जन्माला यायचं आहे, की जे बाबारावांचं ऐकणार नाही!

ते जन्माला आलं. त्यांच्याच घरात.

झालं असं, की मुलगी रितिका व्हिडिओ एडिटिंग शिकली. हात चांगला होता, पण काम मिळेना. तीन स्टुडिओंनी "कळवतो" म्हटलं आणि कळवलं नाही. चौथे होते नागपूरच्या महाल भागातले भैयाजी. शहरातली अर्धी लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून पार पडलेली. त्यांनी फोन केला, आणि फोन स्पीकरवर होता. साऱ्या अनर्थाचं मूळ तो स्पीकर!

"बेटा, आमच्या इथं सगळं काम मॅकवर होते, त्या सफरचंदवाल्या कंपुटरवर," भैयाजी म्हणाले. "माह्या मशीनले मी कोणाले हात लावू देत नाही. तुह्याजवळ सोताचा मॅक हाय का?"

रितिका "नाही" म्हणायला तोंड उघडणार, तोच बाबाराव स्वयंपाकघरातून ओरडले, "हाय ना! ओरिजिनल हाय! काहून नसन?"

"मग झकास! सावनेरच्या लग्नाचं फुटेज देतो. पाच मिनिटाची फिल्म कापून आण. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, बारा वाजता. मशीन घेऊनच ये, कुठं कसं कापलं ते मले त्याच्यावरच पाह्याचं हाय. दुसऱ्या दिवशी मी रायपूरले चाललो महिन्याभरासाठी. बारा म्हणजे बारा!"

फोन ठेवला.

"बाबा," रितिका म्हणाली, "आपल्याजवळ कुठी हाय मॅक?"

"तुह्याजवळ लॅपटॉप हाय ना?"

"तो साधा लॅपटॉप हाय!"

"साधा म्हणजे डबा साधा. सिस्टीम म्हणजे काय? डोकं! डबा आपला, डोकं त्याचं. बसवून टाकू. काम खतम!"

"कोणाच्या धडावर कोणाचं डोकं," रितिकाची आई कौशल्याबाई भाकरी उलटत पुटपुटल्या. "गणपतीले जमलं, ते देवाचं काम होतं."

बाबारावांनी हिंदीतला एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात एक मुलगा, तोंड न दाखवता, नुसता हात हलवत सांगत होता, 'सिर्फ पंद्रह मिनट में!' ती पंधरा मिनिटं चार दिवस चालली.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागायच्या. अशा भराभर, की जणू भटजींना दुसरीकडे जेवणाचं आमंत्रण आहे. आणि मग एका ओळीवर सारं ठप्प! बाबाराव हाताची घडी घालून समोर बसायचे.

"थांबला काय?" कौशल्याबाई विचारायच्या.

"थांबला नाही. विचार करून राहिला."

"सकाळपासून?"

"विदेशी डोकं हाय. मराठी घरात आलं. वेळ लागते!"

असले उद्योग करणाऱ्यांचा मोबाइलवर एक गट होता, त्यात बाबाराव शिरले. अडलेल्या ओळीचा फोटो टाकला की तिघं उत्तर द्यायचे. एक म्हणायचा, अमुक फाइल टाका. दुसरा म्हणायचा, तीच तर आधी काढा. तिसरा म्हणायचा, काका, तुम्ही हे कशाला करता? बाबारावांनी तिघांचंही ऐकलं. आधी टाकली, मग काढली, आणि मग तिसऱ्याला चार शब्द सुनावले.

सतराव्या खेपेला पडद्यावर मॅकचं डोंगराचं सुंदर चित्र उमटलं. बाबारावांनी असा हात वर केला, की पंख्याला लागला! त्या आनंदात त्यांनी बाजारातून सफरचंदं आणली आणि एका सफरचंदावरचं इवलंसं स्टिकर सोलून लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवलं. म्हणाले, "आता कोण म्हणन ओरिजिनल नाही?"

पण हे ऑपरेशन म्हणजे आखूड चादर. डोकं झाकावं तर पाय उघडे. आवाज येत नव्हता, तो आणला तर माउसची पट्टी मेली. पट्टी जिवंत केली तर उजेड कमी होईना. लॅपटॉप असा लखलखायला लागला, की कौशल्याबाई त्याच्यासमोर तांदूळ निवडायला बसू लागल्या. बॅटरीचा आकडा शंभरावर चिकटला तो चिकटलाच. खरा आकडा कोणाला ठाऊक नव्हता. वाय-फायनं तर पहिल्या दिवसापासून तोंडच दाखवलं नाही.

आणि सगळ्यात भयंकर म्हणजे झाकण! ते मिटलं की मशीन झोपायचं, आणि झोपलं की पुन्हा उठायचं नाही. नुसता काळा पडदा. मग बटण दाबून मारायचं आणि पुन्हा सतरा खेपा. 'झाकण मिटलं तरी झोपू नको' असं त्याला सेटिंगमध्ये जाऊन सांगून पाहिलं, गटातल्या तिघांनाही विचारून पाहिलं. छे! म्हणून भिंतीवर चिठ्ठी लागली, 'झाकण लावू नये. हुकुमावरून.'

तरीही रितिका खाली मान घालून कामाला लागली. पेनड्राइव्हमधून फुटेज आत घेतलं आणि तीन दिवसांत फिल्म कापली. काय कापली म्हणता! नवरीचा बाप मांडवाच्या खांबाआड जाऊन चष्मा पुसतो, असा एक तुकडा तिनं कुठून तरी शोधून काढला होता. तो पाहून बाबारावांनी स्वतःचा चष्मा पुसला.

"बाबा, आता याले हात लावायचा नाही," रितिकानं बजावलं. "जसा हाय तसा राहू द्या. एकदा भैयाजीनं पाह्यलं की झालं."

"नाही लावत."

"शपथ?"

"तुह्या आईची!"

रितिका आंघोळीला गेली. बाबाराव पाच मिनिटं बसले. मग त्यांना वाटलं, शपथ हात न लावायची आहे, वाय-फाय न पाहायची थोडीच आहे? रितिका केस पुसत बाहेर आली, तेव्हा वाय-फाय नव्हतंच आणि वर दोन्ही यूएसबीची भोकं मेली होती. पेनड्राइव्ह लावा, उंदीर लावा, हाताचं बोट लावा. ढिम्म!

म्हणजे फिल्म आत, आणि बाहेर यायला ना दार ना खिडकी.

रितिका ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, चौथा स्टुडिओ हाय हा. पाचवा नाही नागपुरात माह्यासाठी."

बाबाराव बाह्या सरसावून उठले. "पेचकस आण! हार्ड डिस्कच काढून घेतो!"

कौशल्याबाईंनी पेचकस आधीच डाळीच्या डब्यात लपवला होता.

"तुम्ही काहीच करू नका," त्या म्हणाल्या. "हाय तसा उचला अन् न्या."

तसंच ठरलं. झाकण उघडं ठेवून लॅपटॉप महालात न्यायचा. तोवर तो जागा ठेवायचा, बस्स. एवढं सोपं!

पण मधे आली खांदशेकणी. कौशल्याबाईंचं माहेर सावनेरकडचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद आणि गरम तूप पळसाच्या पानानं लावायचं आणि दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आमंत्रण द्यायचं, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. इकडे कॉलनीत बैल कुठला? त्यांची नजर टेबलाकडे गेली. आठ दिवस झाले, बिचारा मान वर करून उभा! रात्र नाही, दिवस नाही. घरात राबणारा दुसरा होता कोण? निदान बाबाराव तरी नव्हते.

त्यांनी वाटीत तूप गरम केलं, हळद कालवली आणि लॅपटॉपच्या दोन्ही बिजागऱ्यांना मायेनं चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण डुलायला लागलं.

रितिकानं धावत जाऊन ते हवेत झेललं म्हणून वाचलं! बिजागरी अशी गुळगुळीत झाली होती, की झाकण कुठे थांबेचना. सोडलं की खाली.

"काय लावलं तू याले?" बाबाराव ओरडले.

"तूप. घरचं हाय, डालडा नाही!"

रितिकानं एका हातानं झाकण धरलं आणि दुसऱ्या हातानं पुरणपोळी खाल्ली. घरचे टेकू शोधू लागले. लाटणं घरंगळलं. चमचा वाकला. शेवटी बाबारावांनी माळ्यावरून रितिकाच्या लहानपणचा लाकडी बैल काढला, तान्ह्या पोळ्याला पोरं घेऊन फिरतात तो. तो की-बोर्डच्या कडेला उभा केला, तर त्याची शिंगं बरोब्बर झाकणाला टेकली! चाकांवर तो मागेपुढे सरकायचा, म्हणून सुतळीनं बांधला. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, लॅपटॉपनं आ वासून बैल तोंडात धरला आहे.

"हे मशीन घेऊन मी भैयाजीसमोर जाऊ?" रितिकानं विचारलं.

"तू नको. मी धरतो. तू चार्जर घेऊन मागं चाल."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, दहा वाजता बापलेक निघाले. पुढे बाबाराव, दोन हातांत उघडा लॅपटॉप, आरतीच्या ताटासारखा. मागे रितिका, हातात चार्जर. वायर लॅपटॉपला लावलेलीच, कारण भोक सैल होतं आणि एकदा काढलेली वायर पुन्हा बसेल याची खात्री नव्हती. शेल्याची गाठ मारलेले नवरा-नवरीसुद्धा एवढे जपून चालत नाहीत!

आधी मेट्रो. तिथल्या सुरक्षारक्षकानं सामान तपासायच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "झाकण बंद करा अन् आत टाका."

"बंद करता येत नाही," बाबाराव म्हणाले. "बंद केलं की खेळ खतम!"

रक्षक तीन पावलं मागे सरला. "काय हाय त्याच्यात?"

"लग्न."

"अं?"

"सावनेरचं. परवा कापलं."

"कापलं?" रक्षकाचा हात शिट्टीकडे गेला. "अन् हा बैल?"

"तो बिचारा झाकण धरून उभा हाय."

रक्षकानं टोपी काढली, कपाळ पुसलं. "काका," तो हात जोडून म्हणाला, "माही ड्यूटी बारा वाजता संपते. तुम्ही ऑटोनं जा."

ऑटोवाला गप्प बसणारा निघाला, पण रस्ता बोलका होता. प्रत्येक खड्ड्याला बैल झाकणाला धडक द्यायचा, रितिका किंचाळायची आणि बाबाराव म्हणायचे, "धरून हाय, धरून हाय!" महालाच्या अलीकडे पोलिसांनी दोर लावलेला.

"पुढं ऑटो नाही जात," हवालदार म्हणाला. "मारबत निघाली."

बाबारावांनी कपाळाला हात लावला असता, पण हात मोकळा नव्हता. मारबत! तान्ह्या पोळ्याला ती निघतेच, नागपुरात जन्म गेला तरी साफ विसरले होते. त्या प्रचंड पुतळ्याबरोबर गावाची सारी पीडा बाहेर काढायची आणि वेशीवर जाळायची. बरोबर बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. अख्खं शहर रस्त्यावर, ढोल-ताशे, आणि लाखभर गळ्यांतून एकच आरोळी, "इडा पिडा घेऊन जाऽऽ गे मारबत!"

आणि भैयाजींचा स्टुडिओ त्या गर्दीच्या पलीकडे. घड्याळात सव्वाअकरा!

"बाबा, परत जाऊ," रितिका म्हणाली.

"परत? निनाव्याच्या खानदानात कोणी मशीन अर्धवट सोडलं नाही!" असं म्हणून बाबाराव गर्दीत घुसले.

दहा पावलं गेले असतील नसतील, तर गळ्यात शिट्टी अडकवलेला एक मंडळाचा कार्यकर्ता समोर आला. अंकित त्याचं नाव, पाठीमागच्या पोट्ट्यांनी हाक मारली म्हणून कळलं. तो लॅपटॉपकडे पाहतच राहिला.

"अबे, इकडं या बे! काकानं काय बडग्या आणला पाहा! कंपुटरनं बैल खाल्ला!"

"हा बडग्या नाही—" बाबाराव म्हणाले.

"काय डोकं लावलं गा काका! शेतकऱ्याचा बैल, विदेशी कंपुटर, अन् पाठीवर सफरचंद! आमच्या मंडळाले चार महिने सुचलं नाही!"

"अरे बाबा, मले भैयाजीकडं—"

पण तोवर चौघांनी त्यांना अलगद उचलून हातगाडीवर उभं केलं होतं. कोणी कपाळाला गुलाल लावला. आणि अंकितनं शिट्टी फुंकली.

"बैल खाणाऱ्या कंपुटरले..."

"घेऊन जाऽऽ गे मारबत!" गर्दी गरजली.

"सफरचंद महाग करणाऱ्याइले..."

"घेऊन जाऽऽ गे मारबत!"

हातगाडी निघाली. मागे चार्जर उंच धरून रितिका धावतेय, वायर ताणलेली, आणि लोक कौतुकानं म्हणताहेत, "पाहा, कंपुटरची शेपटीपण केली!" गच्च्यांवरून फोटो निघू लागले. बाबारावांना भीती वाटत होती, संताप येत होता, पण खरं सांगायचं तर थोडं, अगदी थोडं, बरंही वाटत होतं. एकतीस वर्षांत कारखान्यानं त्यांना खांद्यावर कधी घेतलं नव्हतं. एकदा तर त्यांनी स्वतःच "घेऊन जाऽऽ" म्हटलं! रितिकानं वायरला हिसका दिला तेव्हा भानावर आले.

"बाबा! बॅटरी!"

पडद्यावर शंभर टक्के. म्हणजे काहीही असू शकत होतं. लॅपटॉपचा पंखा मात्र आता दमेकऱ्यासारखा घरघरत होता.

चौकात गाडी थांबली. अंकितनं वर हात केला. "काका, द्या आता तो. बाकीच्या बडग्याइच्या गाडीवर टाकतो. जाळायचा हाय ना!"

"जाळायचा?" बाबारावांनी लॅपटॉप छातीशी धरला, शिंगं बरगडीत रुतली. "हात लावू नका! माह्या पोरीची नोकरी हाय त्याच्यात!"

क्षणभर गर्दी स्तब्ध झाली. बाबारावांना वाटलं, कळलं लोकांना! माणुसकी आहे अजून!

आणि अंकितनं शिट्टी फुंकली.

"पोरीइच्या नोकऱ्या खाणाऱ्या कंपुटरले..."

"घेऊन जाऽऽ गे मारबत!"

आता तर ढोलवाले पेटले. पाच-पंचवीस हात लॅपटॉपकडे आले. रितिका हातगाडीवर चढली आणि चार्जरचा ठोकळा गोफणीसारखा फिरवू लागली. त्याच घटकेला वरच्या बाल्कनीतून खणखणीत आवाज आला.

"अरे, त्या बैलवाल्या बडग्याले इकडं फिरवा! तोंड दिसू द्या त्याचं!"

बाल्कनीत पांढऱ्या मिशांचा माणूस, समोर तिपाईवर कॅमेरा. भैयाजी! मिरवणुकीचं चित्रीकरण चाललेलं. कॅमेऱ्यात यायला कोणाला आवडत नाही? पोट्ट्यांनी हातगाडी थेट बाल्कनीखाली आणली. बाबारावांनी मागेपुढे न पाहता लॅपटॉपसकट लोखंडी जिन्यावर उडी घेतली. साठीतला माणूस, पण शेपटी ओढत वर चढला, तो थेट स्टुडिओत! घड्याळात बाराला सात कमी.

"भैयाजी, मी रितिका निनावे," रितिका धापा टाकत म्हणाली. केसांत गुलाल, हातात चार्जर. "फिल्म आणली."

भैयाजींनी बडग्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मोठ्या मनाचा माणूस. एक प्रश्न विचारला नाही. "ठेव टेबलावर. लाव."

रितिकानं बोट ठेवलं. फिल्म सुरू झाली. सावनेरचा मांडव, हळदीचे हात, आणि मग खांबाआड चष्मा पुसणारा नवरीचा बाप. भैयाजी पुढे वाकले. "वा!" ते हळूच म्हणाले. "हे मीच शूट केलं, अन् मलेच दिसलं नव्हतं."

बाबारावांनी डोळे मिटले. जिंकलो!

उघडले, तेव्हा भैयाजी लॅपटॉपकडे नाही, बैलाकडे पाहत होते.

"अरेरे," भैयाजी म्हणाले. "आज तान्हा पोळा. बैल माह्या दारात आला, अन् मी तसाच बांधून ठेवला? पाप लागन!"

"नका!" बाप ओरडला. "नका!" लेक ओरडली. पण खाली नेमकी मारबत आली होती, आणि शंभर ढोल एकदम कडाडले. भैयाजींना वाटलं, दोघं पाहुणे संकोचानं 'राहू द्या, राहू द्या' म्हणताहेत. त्यांनी मायेनं सुतळी सोडली. बैल दोन्ही हातांनी उचलला, पाटावर ठेवला आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

फट्!

झाकण पडलं. ढोल वाजतच होते, पण बाबारावांना काही ऐकू येईनासं झालं.

इथे आल्यावर बाबाराव रोज थांबतात. पाणी पितात. खुर्चीत सावरून बसतात. देवाजी पुढे झुकून विचारतात, "मग? झोपला?"

"झोपला ना! पण मी कोण हाय? मी जिन्यावर घेऊन गेलो त्याले. मांडीवर ठेवलं. कान जवळ नेला. आतून बारीक आवाज येऊन राहिला होता. एकतीस वर्षं मशीनचे आवाज ऐकले, मले कळलं ना! फक्त रुसला होता. म्हटलं, बाबू, पोरीची इज्जत हाय. ऊठ! अन् फुंकर मारली."

"हौ!" देवाजी म्हणाले.

"अन् उठला! उघडलं तं चालू! वरून आवाज असा, की ढोल बंद पडले! वाय-फाय आलं, यूएसबी आली, बॅटरीचा आकडासुद्धा खरा आला! भैयाजीनं पूर्ण फिल्म पाह्यली अन् मले हात जोडले. म्हणाले, बाबारावजी, असं ओरिजिनल मशीन म्या आयुष्यात नाही पाह्यलं. पोरगी उद्यापासून कामावर!"

देवाजींनी टाळी वाजवायला हात वर केले.

"खोटं!" सिंधूताई म्हणाल्या.

"खोटं? तुम्ही होत्या काय तिथं?"

"मी नव्हती. भैयाजीचा कॅमेरा होता. बाल्कनीत तसाच चालू राहिला होता, अन् जिना पूर्ण दिसते त्याच्यात. मारबतीचा तो व्हिडिओ सगळ्या कॉलनीनं पाह्यला, बाबारावजी. तुम्ही फुंकर मारली हे खरं हाय. चौदा वेळा मारली, म्या मोजली. तो काही उठला नाही. पोरगी उठली! भैयाजीले म्हणाली, तुमचं मशीन द्या, आजची मारबत दोन तासात कापून देते. अन् ज्या माणसानं जन्मात कोणाले मशीनले हात लावू दिला नाही, त्यानं खुर्ची सोडली. तिनंच कापला तो व्हिडिओ. शेवटी नावं येते ना, तिथं पाह्यजा. 'संकलन, रितिका निनावे.' अन् त्याच्या खाली, मोठ्या अक्षरात, 'बडग्या, बाबाराव निनावे'!"